चोचवाली का वाळली

१

द्वारकाबाईवर चोरीचा आळ आला तेव्हा माझा डावा गाल बधिर होता, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर डॉक्टर असो की कलेक्टर, तिथल्या तिथं दोन शब्द ऐकवल्याशिवाय मी राहिले नसते.

श्रावणातला शनिवार होता. छावणीत डॉक्टर मिहिर चौसाळकरांच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा दातांचा दवाखाना आहे, तिथं मी दाढेच्या रूट कॅनालला गेले होते. इंजेक्शन देऊन मला बाहेर बसवलेलं. समोर भिंतभर काचेची टाकी आणि टाकीत खाऱ्या पाण्यातले मासे. समुद्र इथून तीनशे किलोमीटर लांब, नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि या माणसानं दवाखान्यात समुद्र पाळलेला. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

काउंटरवरची तनुजा एका टिशू पेपरवर लाल ठिपक्यांचा मेलेला मासा घेऊन आली. त्याचं पोट पार खपाटीला गेलेलं. डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले, मासा पाहिला आणि भर पेशंटांसमोर फरशी पुसणाऱ्या द्वारकाबाईकडं वळले.

"पाणी तपासलं, मीठ तपासलं, सगळं ठीक आहे. कोळंबी रोज फ्रीजरमधून निघते आणि माशांच्या पोटात जात नाही. मग कुणाच्या पोटात जाते, मावशी?"

बाकावरचा एक टक्कल पडलेला गृहस्थ हसला. द्वारकाबाई पोछा हातात धरून उभी राहिली. मी खाल्ली नाय, एवढंच म्हणाली. मग कुठं गेली, असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं खाली पाहिलं.

"सोमवारपर्यंत खरं सांगा. नाहीतर मंगळवारपासून येऊ नका."

अकरा वर्षं ती फुलंब्रीहून पहिल्या बसनं येतेय. गावात बातमी काय जाणार? नोकरी गेली ही नाही. द्वारकाबाई दवाखान्यातली कोळंबी चोरून खाताना सापडली, तीही श्रावणात, ही जाणार. पुढं जन्मभर पाण्याला गेली तरी बायका तोंडाला पदर लावून हसणार. मला इतका संताप आला की बधिर गालातून लाळ गळाली.

२

मी रत्नमाला औटे. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बाटल्या धुतल्या आणि प्राध्यापकांच्या चुका झाकल्या. निवृत्त झाले तरी डोळ्यांची सवय जात नाही. बोलता येत नव्हतं, मग मी उठून टाकीला नाक लावलं.

मेलेला वगळून चार मासे उरले होते. दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. ते बरे दिसत होते. एक पिवळाधमक, बशीएवढा. आणि एक लांब चोचीची, अंगावर तांबूस पट्टे असलेली. हिला दवाखान्यात येणारी पोरं चोचवाली म्हणतात. ती पार वाळली होती. डोक्यामागं खळगा पडलेला, पोटाच्या जागी घडी. दोन-चार दिवसांची सोबतीण.

पण पिवळ्याकडं पाहून मी थबकले. तो चक्क लठ्ठ झाला होता. सासुरवाडीहून आलेल्या जावयासारखा टुमटुमीत.

टाकीत विष गेलं असतं तर पिवळ्यालाही सोडलं नसतं. खायलाच पडत नसतं तर तोही वाळला असता. म्हणजे टाकीत रोज काहीतरी पडत होतं, आणि ते पिवळ्याला चालत होतं, चोचवालीला नाही. पिवळा आहे पाला खाणारा. नारिंगी जोडी मिळेल ते खाणारी. चोचवाली आणि तो मेलेला बिचारा, दोघं मांस खाणारे.

गाल जरा सुटल्यावर मी तनुजाजवळ गेले. या पोरीला टाकी मनापासून आवडत नाही. पंपाच्या घरघरीनं डोकं उठतं, त्या जागी मोठा टीव्ही लावला असता तर बरं, असं ती मला मागंच म्हणाली होती. म्हणून माझा पहिला संशय तिच्यावरच होता. पण ती येते दहाला आणि माशांना घास पडतो साडेनवाला. आल्यावर दिवसभर पेशंटांसमोर बसलेली. टाकीत काही टाकायचं म्हटलं तरी चारचौघांनी पाहिलं असतं.

तिनं सांगितलं ते असं. गेल्या दिवाळीत जालना रोडवर डॉक्टरांची गाडी घसरली, उजवा हात मनगटात मोडला. सात महिने दवाखाना बंद. त्या दिवसांत ते चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून चोचवालीला भरवायचे. ती आधी कशालाच तोंड लावत नव्हती. हिला शिकवता शिकवता डॉक्टरांच्या बोटांत जोर आला. जूनमध्ये दवाखाना सुरू झाला आणि भरवायचं काम द्वारकाबाईकडं गेलं.

"आणि मॅडम, ती काही साधी नाही," तनुजा आवाज खाली आणून म्हणाली. "गटारीला डब्यात मटणाचा रस्सा आणला होता तिनं, सगळा दवाखाना घमघमला. मागच्या शुक्रवारी मी लवकर आले, तर कोळंबीची वाटी घेऊन मागच्या दारानं बाहेर जाताना मी स्वतः पाहिलं तिला. मीच सांगितलं सरांना."

मागच्या दाराबाहेर काय आहे, ते मी विचारलं नाही. सरळ बघायला गेले.

३

मागं हातभर रुंद अंगण आणि भिंतीला लागून जास्वंदीची तीन झाडं. दोन साधारण. तिसरं मात्र असं बहरलेलं की पानं दिसेनात, नुसती लाल फुलं. त्याच झाडाच्या बुडाशी एक मांजर पंजानं माती उकरत होतं.

मी त्याला हाकललं आणि छत्रीच्या टोकानं माती सारली. दोन बोटं खाली सापडलं. बारीक कोळंबीची डोकी, मिशांसकट. काळे डोळे मोहरीसारखे चमकत होते. खाली जुनी टरफलं, त्याखाली आणखी जुनी.

मागं चाहूल लागली. द्वारकाबाई उभी होती.

चोर चोरीचा माल खातो, विकतो, फार तर लपवतो. रोज थरावर थर जमिनीत पुरत नाही. मी तिला म्हणाले, बाई, तू खाल्ली नाहीस हे मला कळलं. आता पुरायला कुणी सांगितलं तेवढं बोल, मी आत्ता डॉक्टरला आणून दाखवते.

"नका दाखवू," ती म्हणाली. "आन मला इचारू बी नका, बाई. मला खोटं बोलता येत नाय आन खरं बोलायची सोय नाय."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

"गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

यावर तिचे डोळे भरून आले. पदरानं पुसून म्हणाली, "ते लई वंगाळ हाय. पन त्याच्याहून वंगाळ बी असतं."

तिनं वाकून माती पुन्हा सारखी केली आणि आत निघून गेली.

४

रविवारी मी गुलमंडी गाठली. मागच्या गल्लीत सुदर्शनचं माशांचं दुकान आहे. दर सोमवारी हाच दवाखान्यात येतो, टाकीचं थोडं पाणी काढतो, मीठ कालवलेलं नवं घालतो. संशय घ्यायला याच्याइतका सोयीचा माणूस नाही. एक मासा मेला की दुसरा हाच विकणार. मी तसं तोंडावर विचारलंही.

त्याला राग आला नाही, वाईट वाटलं. म्हणाला, मॅडम, आपल्या हातचा मासा मेला की गिऱ्हाईक दुसरा घेत नाही, टाकीच काढून टाकतं. चोचवालीसाठी तर त्यानं डॉक्टरांना आधी नकोच म्हटलं होतं. लई नाजूक जात, नाक फार. मग त्यानं मोबाईल काढला. दर सोमवारी काम झालं की तो टाकीचा फोटो काढून ठेवतो, आणि पाण्याची तपासणीही लिहून ठेवतो. पाण्यात खोट नव्हती, ते मी स्वतः वाचलं. हा आठवड्यातून एकदा तासभर येणारा माणूस. रोजच्या घासात ढवळाढवळ करणं याच्या हातात नव्हतं.

मी फोटो मागून पुढं पाहत गेले. जूनमध्ये चोचवाली कशी भरलेली होती. जुलैतही बरी. मग एका सोमवारपासून पोट आत जायला लागलं, ते जातच राहिलं. तारीख पाहिली आणि त्याच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातलं पान उलटलं. त्या सोमवारच्या आधल्याच आठवड्यात आषाढी एकादशी होती.

"ही आणखी एक गंमत बघा," तो म्हणाला. "फिल्टरच्या स्पंजात हिरवं हिरवं निघतंय दीड महिन्यापासून. मी समजलो शेवाळ."

त्यानं फोटो मोठा करून दाखवला. शेवाळ कसलं? शेवाळाला शिरा नसतात. याला मधली जाड शीर होती आणि तिला फुटलेले बारीक फाटे. एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्रवाल्यांच्या शेजारच्या खोलीत काढली मी. ती पालकाची पानं होती, उकडून मऊ केलेली.

दवाखान्यात शेगडी नाही. आणि आषाढीपासून मांस बंद करणारं माणूस द्वारकाबाई नव्हे. ती श्रावण पाळते; आखाडात तिच्या घरी रश्श्याला उकळी असते, हे तनुजानंच नकळत सांगितलं होतं. आषाढी ते कार्तिकी, चार महिने, हा हिशेब वेगळ्या घरातला. चातुर्मास करणाऱ्या घरातला.

आणि दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तसं एक घर होतं.

५

सोमवारी सकाळी नवाला मी वर गेले. दाढ ठणकतेय, गुळण्यांना गरम पाणी मिळेल का, असं निमित्त. दार डॉक्टरांच्या आईनं उघडलं. भानुमतीबाई, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी हैराण, पण चेहरा असा की दोन मिनिटांत माणूस माहेरी आल्यासारखं सैलावतं. अशा बाईवर संशय घ्यायची मलाच लाज वाटायला लागली होती. तरी डोळे स्वयंपाकघरात फिरतच होते.

त्यांनी आग्रहानं बसवून मऊ खिचडी वाढली. लसणाचा वास नाही, कांद्याची टोपली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, चातुर्मास ना, कार्तिकीपर्यंत नाही. ओट्यावर एक वाटी झाकून ठेवली होती. मी म्हटलं, ताई, दाढेला सोसेल असं काही मऊ असलं तर बरं होईल, आणि झाकण उचललं. बारीक चिरलेला उकडलेला पालक.

त्यांनी वाटी हळूच ओढून घेतली.

"ते नको. ते अळणी आहे."

"कुणासाठी?"

नेम सांगितला की मोडतो, एवढंच पुटपुटल्या आणि वाटी पुन्हा झाकली.

खाली माणसं जमल्याचा आवाज येत होता. सोमवार उजाडला होता, आणि द्वारकाबाईची मुदत आज संपत होती. मला राहवेना.

"ताई, तुम्ही रोज ज्यांना जेवू घालता, त्यांना जेवताना कधी पाहिलंय का तुम्ही?"

त्यांचा हात वाटीवरच थांबला. म्हणाल्या, जिना उतरवत नाही गं, आषाढीपासून खाली गेलेच नाही. द्वारका सांगते की पिवळा आवडीनं खातो.

"खरंच सांगते ती. पिवळा खातो. बाकीच्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तिनं सांगितलं नाही. आज एकदा चला. मी धरते."

कठड्याला आणि मला धरून, एकेक पायरी बसत-उठत, त्या खाली आल्या.

६

बाकावर दुसऱ्या बैठकीला बोलावलेले तेच लोक होते, तो टकलूसुद्धा. डॉक्टरांनी आईला पाहून खुर्ची ओढली. सुदर्शन बादली घेऊन आला होता. द्वारकाबाईनं आम्हा दोघींना पाहिलं आणि मला नकारार्थी मान हलवली. मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. अशा दुर्लक्षानं पुण्यच लागतं.

मी डॉक्टरांना म्हणाले, आधी तुमचा पिवळा बघा आणि मग चोचवाली बघा. एक लठ्ठ, एक उपाशी. टाकीत रोज पालक पडतोय, सुदर्शनच्या स्पंजात शिरा आहेत. आषाढीपासून पडतोय, फोटोवर तारखा आहेत. तुमची कोळंबी कुणाच्या पोटात गेली नाही, मातीत गेली, मी स्वतः उकरून पाहिलीय. चोर सोडून तुम्ही संन्याशाला सुळी द्यायला निघालात, डॉक्टर. खरं तर चोरही नाही कुणी.

डॉक्टरांना काही उलगडेना. मग मी सुदर्शनकडून फ्रीजरमधली एक कोळंबी मागून घेतली आणि चिमटा डॉक्टरांच्या उजव्या हातात दिला.

"तुम्ही भरवा. पूर्वीसारखं."

त्यांनी हात पाण्यात घातला. चोचवाली कोपऱ्यात तिरकी पडली होती. ती हलली, थांबली, मग ओळख पटल्यासारखी डॉक्टरांच्या बोटांशी आली आणि चोचीनं तुकडा ओढला. एक गिळला, दुसरा मागितला. कित्येक महिने चिमट्याला सरावलेली ती, विसरली नव्हती.

भानुमतीबाई काचेजवळ सरकल्या. त्यांनी त्या माशाचं पोट पाहिलं, डोक्यामागचा खळगा पाहिला. मग मुलाचा हात पाहिला. तो पाण्यात स्थिर होता, जरासुद्धा थरथरत नव्हता.

"मिहिर, ते मी केलं," त्या म्हणाल्या. "तुझा हात पूर्ण बरा व्हावा म्हणून नेम धरला. कार्तिकीपर्यंत माझ्या घरात जीव मारून कुणाला खाऊ घालायचा नाही. म्हटलं, पालक खातील, त्यांनाही पुण्य लागेल. मला काय माहीत... नेम मी धरला आणि उपास या मुक्या जिवाला घडवला रे."

"पण मग मावशी का नाही बोलल्या?" डॉक्टर म्हणाले. "आई, त्यांची नोकरी चालली होती."

भानुमतीबाईंना ते माहीतच नव्हतं. त्यांनी द्वारकाबाईकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी तिला शपथ घातली होती," त्या हळू म्हणाल्या. "बोललीस तर माझ्या मिहिरच्या हाताची शपथ, म्हणून."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. ज्या माणसानं तिला भर सभेत चोर म्हटलं, त्याचाच हात ती तीन दिवस सांभाळत उभी होती. त्यांचा ओला हात तसाच लोंबत राहिला. ते द्वारकाबाईसमोर जाऊन माफी मागायला लागले, पण आवाज इतका खाली की मलासुद्धा ऐकू येईना.

"असं नाय, डॉक्टरसायेब," द्वारकाबाई म्हणाली. "शनवारी जेवढ्या मोठ्यानं बोल्लात तेवढ्या मोठ्यानं बोला. हे समदे व्हते तवा."

आणि बोलले बिचारे. मोठ्यानं, प्रत्येक शब्द सुटा सुटा. मावशींनी चोरी केलेली नाही, चूक माझी आहे, मी त्यांची माफी मागतो. टकलूनं मान खाली घातली ती त्याचा नंबर येईपर्यंत वर केली नाही. द्वारकाबाईनं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि पोछा बादलीत बुडवला.

नेमाचा प्रश्न उरला होता. भानुमतीबाईंना तो मोडायचा नव्हता. मी म्हटलं, ताई, नेम आपल्या जिभेला लावायचा असतो, दुसऱ्याच्या नाही. तुम्हाला सगळ्यांत प्रिय काय? चहा, असं त्या इतक्या पटकन म्हणाल्या की सगळेच हसले. मग त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात देवाशी काय ती बोलणी केली. कार्तिकीपर्यंत चहा बंद, आणि माशांनी त्यांचं त्यांचं खावं, असं ठरलं. पिवळ्याचा पालक मात्र सुरू राहिला, आता आठवड्यातून दोनदा.

माझी दाढ झाली. निघताना भानुमतीबाईंनी थांबवलं आणि ओंजळभर जास्वंदी हातात दिल्या.

"गणपतीला घेऊन जा. यंदा मागच्या त्या एका झाडाला काय बहर आलाय, खिडकीतून बघून मलाच नवल वाटतं. द्वारका रोज एकवीस आणून देते. एवढं शुद्ध झाड दुसरं नाही बघ."

मी द्वारकाबाईकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला कुणी शपथ घातलेली नव्हती, पण मीही खाली पाहिलं आणि फुलं पिशवीत ठेवली.